त्राकायचे किबिन घरच्या ओव्हनमध्ये

लिथुआनियाची राजधानी विल्नियस. तिथून सुमारे २८ किलोमीटरवर त्राकाय हे छोटं गाव आहे, चहूबाजूंनी तळ्यांनी वेढलेलं. त्यातल्या गाल्वे तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला उभा आहे. किल्ला पाहायला येणारा माणूस किबिन खाल्ल्याशिवाय सहसा परतत नाही. किबिन म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराचा, तपकिरी भाजलेला, आत मटण आणि कांदा भरलेला पदार्थ. हातात धरून खायचा, सोबत वाटीभर गरम मटणाचं पाणी.

हा पदार्थ कराइम लोकांचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा राज्यकर्ता व्हिताउतस याने क्रिमियातून काही कराइम कुटुंबं आणून त्राकायला वसवली, किल्ल्याच्या राखणीचं काम त्यांच्याकडे दिलं. भाषा तुर्की कुळातली. धर्म हिब्रू बायबल मानणारा, पण तालमूद हा ज्यू धर्मपंडितांचा ग्रंथ न मानणारा. आज अख्ख्या लिथुआनियात कराइम उरलेत ते जेमतेम काहीशे. तरीही त्राकायमधला त्यांचा रस्ता, रस्त्याकडे तीन खिडक्यांनी बघणारी लाकडी घरं आणि केनेसा हे त्यांचं प्रार्थनामंदिर अजून जागेवर आहे. आजूबाजूचे लिथुआनियन लोक पावाच्या पिठात धुरावलेली डुकराची चरबी आणि कांदा भरून लाशिनेचेइ भाजतात. कराइमांना डुक्कर वर्ज्य, त्यामुळे त्यांच्या पिठात मेंढीचं मटण जातं. आपल्याला हे सोयीचंच आहे, कारण मटण आपल्याकडे कोपऱ्यावर मिळतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. सारण कच्चं भरायचं. परतायचं नाही, शिजवायचं नाही, आलं-लसूण लावायचं नाही, गरम मसाला तर नाहीच. मटण, चरबी, कांदा, मीठ, मिरी, दोन-चार चमचे पाणी, बस्स. भाजताना मटणाचा आणि कांद्याचा रस सुटतो, तो पिठाच्या आत कोंडला जातो आणि त्या रसातच मटण शिजतं. किबिनची सगळी गंमत या रसात आहे. खाली जे जे सांगितलं आहे ते एकतर रस सुटावा म्हणून आहे, नाहीतर तो बाहेर पळू नये म्हणून.

साहित्य, सोळा किबिनांसाठी

पिठासाठी: मैदा ५०० ग्रॅम, बिनमिठाचं थंडगार लोणी २२० ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम, फ्रेश क्रीम किंवा घोटलेली घट्ट साय ५० ग्रॅम, एक अंडं, एक चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा साखर.

सारणासाठी: बोनलेस मटण ५०० ग्रॅम, मटणाची चरबी ८० ग्रॅम, कांदा २५० ग्रॅम, मीठ दीड चहाचा चमचा, जाडसर कुटलेली काळी मिरी एक चमचा, गार पाणी किंवा गार मटणाचं पाणी चार टेबलस्पून.

वरून लावायला एक अंडं.

तिकडे पिठात आंबट क्रीम घालतात. आपल्याकडे ते मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत मिळतं, पण चक्का आणि साय यांच्या मिश्रणाने काम उत्तम होतं. चक्का श्रीखंडाला बांधतो तितका कोरडा हवा. पाणी राहिलं तर पीठ चिकट होतं आणि मग माणूस वरून मैदा घालत सुटतो. बाजारातलं पिवळं खारं बटर वापरणार असाल तर पिठातलं मीठ वगळा. घरचं पांढरं लोणी असेल तर थंड पाण्यात दोनदा धुऊन त्यातलं ताक काढून टाका आणि फ्रीजमध्ये दगडासारखं घट्ट होऊ द्या.

मटण आणताना

त्राकायला मेंढीचं मटण वापरतात, ते मऊ आणि चरबीदार असतं. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकडाचं. ते जास्त कोरडं आणि चिवट. म्हणून दुकानात दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, कोवळ्या बोकडाच्या रानाचं किंवा खांद्याचं बोनलेस द्या. दोन, चरबी वेगळी बांधून द्या. चरबी नको म्हणून ती काढायला सांगण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. चरबीशिवाय आतला गोळा कोरडा होतो आणि मग सगळा दोष पिठावर जातो. परदेशात राहणाऱ्यांना तुर्की किंवा अरबी खाटकाकडे मेंढीचा खांदा सहज मिळेल. तो घेतला तर चरबी वेगळी लागणार नाही.

दुकानदार विचारेल, "खिमा करून देऊ?" नाही म्हणायचं. यंत्रातून निघालेला खिमा भाजताना एकमेकांना चिकटून घट्ट गोळा होतो, रस गोळ्याबाहेर सुटून पिठात मुरतो आणि आत पोकळी राहते. किबिनला हाताने चिरलेलं मटणच लागतं.

चिरायची युक्ती सोपी आहे. मटण पुसून कोरडं करा, पांढरे पापुद्रे आणि शिरा सुरीच्या टोकाने सोलून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण बोकडाच्या मटणात ते टाळलं तर प्रत्येक घासाला रबर लागतं. मग मटण अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेरून कडक होईपर्यंत. आता रेषांच्या आडव्या दिशेने पातळ काप करा, कापांच्या सळ्या करा आणि सळ्यांचे चार-पाच मिलिमीटरचे तुकडे. चरबीही अशीच, थोडी आणखी बारीक. कच्ची पपई लावून मटण मऊ करायचा मोह होईल. लावू नका. एवढ्या बारीक तुकड्यांचा पपईने लगदा होतो, आणि तुकडा दाताखाली कळायला हवा.

कांदा बारीक चिरा, किसू नका. किसलेला कांदा सगळं पाणी लगेच सोडतो. मटण, चरबी, कांदा आणि मिरी एकत्र करून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आणि गार पाणी मात्र पीठ लाटायला घेताना घाला, आधी नाही. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं आणि पातेल्याच्या तळाशी साचलेलं पाणी भरताना कडांना लागतं. ओली कड चिकटत नाही.

पीठ

इथे हात थोडा उलटा चालवावा लागतो. आपण करंजीच्या पिठावर कडकडीत मोहन ओततो; इथे लोणी जितकं थंड तितकं चांगलं. मैदा, मीठ, साखर परातीत घ्या, लोण्याचे छोटे चौकोन करून त्यात टाका आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. तळहात वापरू नका, त्याच्या उबेने लोणी वितळतं. सगळं जाडसर रव्यासारखं दिसेल, मधूनमधून वाटाण्याएवढे लोण्याचे कण राहतील. ते राहू द्या, पापुद्रा त्यांनीच येतो.

चक्का, क्रीम आणि अंडं एकत्र फेटून त्यातलं तीन चतुर्थांश पिठात घाला. काट्याने ढवळा, मग हाताने गोळा करा. गोळा बांधला जात नसेल तर उरलेलं थोडं थोडं घाला. पाणी घालायची वेळ सहसा येत नाही. मळायचं नाही! पोळीच्या कणकेसारखी ही कणीक तिंबली तर किबिन भाजल्यावर चिवट होतात. गोळा एकत्र आला की थांबा. चपटा करून, झाकून फ्रीजमध्ये किमान एक तास ठेवा. आदल्या रात्री करून ठेवलं तरी चालतं, उलट लाटायला बरं पडतं.

कोकणात किंवा मुंबईत उन्हाळ्यात हे करायचं तर सकाळी लवकर करा, आणि एका वेळी निम्मंच पीठ बाहेर काढा. हाताला तेलकट लागायला लागलं की पंधरा मिनिटं परत फ्रीजमध्ये. याला दुसरा उपाय नाही.

अंडं न खाणाऱ्यांनी पिठातल्या अंड्याऐवजी दोन टेबलस्पून दही घालावं आणि वरून दूध-साय लावावी. रंग थोडा फिका येतो, बाकी फरक पडत नाही.

लाटणं, भरणं, मुरड

पिठाचे सोळा गोळे करा, प्रत्येकी साधारण साठ ग्रॅमचे. ओव्हन २०० अंशांवर तापायला लावा, पंधरा मिनिटं तरी. आता सारणात मीठ आणि गार पाणी घालून हाताने नीट कालवा.

एक गोळा घेऊन तेरा-चौदा सेंटिमीटरची गोल पारी लाटा, जाडी तीन ते चार मिलिमीटर. मध्यभागी किंचित जाड, कडेला किंचित पातळ, कारण कड दुमडल्यावर तिचे दोन-तीन थर होतात. पिठी कमीत कमी वापरा आणि कडेला तर अजिबात लागू देऊ नका.

पारीच्या अर्ध्या भागावर दोन भरलेले टेबलस्पून, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम सारण ठेवा. कडेला दीड सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. सारण उचलताना तुकडे, चरबी आणि कांदा तिन्ही येतील असं बघा. शेवटच्या दोन किबिनांत नुसता कांदा उरतो हे नेहमीचं दुखणं आहे. दुसरा अर्धा भाग वरून आणा, आतली हवा हलक्या हाताने बाहेर दाबा आणि कडा घट्ट चिकटवा. चिकटत नसेल तर अंड्याचा पांढरा भाग बोटाने लावा.

आता मुरड. जिला करंजीला हाताने मुरड घालता येते तिला त्राकायमध्ये कोणी काही शिकवायला नको. एका टोकापासून सुरुवात करा, कडेचा छोटा तुकडा अंगठ्याने वर दुमडून दाबा, त्याच्या टोकावरून पुढचा तुकडा दुमडा, अशी दोरीसारखी वीण शेवटपर्यंत न्या आणि शेवटचं टोक खाली वळवून दाबून टाका. मुरड येत नसेल तर काट्याने दोनदा दाबा, दुसऱ्यांदा किंचित आतल्या बाजूने. कातण्याने कापून सोडलेली कड मात्र चालणार नाही. करंजीतलं सारण कोरडं असतं म्हणून तिथे ते निभतं. इथे आत रस उकळणार आहे आणि नुसती कापलेली कड तो दाब सहन करत नाही.

ट्रेवर बेकिंग पेपर घालून किबिन ठेवताना मुरडीची बाजू किंचित वर उचललेली राहील असं बघा. रस खाली साठतो, तेव्हा सांधा वर असलेला बरा. दोन किबिनांत दोन बोटं अंतर. फेटलेलं अंडं वरून ब्रशने लावा, मुरडीच्या खाचांतही. शेवटी सगळ्यात वरच्या जागी टूथपिकने एकच भोक पाडा. हे भोक बाजूला नको, तिथून रस येतो.

ट्रे भरल्यावर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवता आला तर जरूर ठेवा. पीठ पुन्हा कडक झालं की ओव्हनमध्ये आकार टिकतो.

भाजणं

पहिली बारा मिनिटं २०० अंशांवर, मग उष्णता १८० वर आणून आणखी पंचवीस मिनिटं. ओटीजीमध्ये वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू, ट्रे मधल्या खाचेत. लहान ओटीजीत वरची कांडी फार जवळ असते. वीस मिनिटांनी वरून रंग पुरेसा आला तर ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर झाका, पण वेळ कमी करू नका. आतलं मटण कच्चं आहे हे विसरायचं नाही. मांसाचा थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसून बघा, ७१ अंश दिसले की मटण शिजलं.

वरच्या भोकातून रस बुडबुडताना दिसतो आणि घरभर भाजलेल्या मटण-कांद्याचा वास सुटतो. एखाद्या किबिनाखाली थोडा रस सांडून करपेल. सोळापैकी एक-दोन फुटणारच, ते करणाऱ्याने ओव्हनपाशी उभ्यानेच खायचे असतात. पाच-सहा फुटले तर मात्र कारण शोधावं: कडेला पिठी लागली होती, सारण जास्त झालं होतं, किंवा पीठ भरताना गरम झालं होतं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हेच तापमान चालतं, पण एका वेळी चार-पाचच ठेवा. एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर करून बघता येतील. वरचा भाग लवकर लाल होतो, म्हणून एक फोडून आतलं मटण तपासल्याशिवाय बाकीचे काढू नका. कढईत मीठ घालून त्यावर भाजायची आपली नानकटाईची पद्धत इथे मी सुचवणार नाही. तळ करपतो आणि वरचा भाग पांढराच राहतो. तळायचा विचार तर सोडूनच द्या. क्रिमियाच्याच तातार लोकांचे चेबुरेक तळलेले असतात, पण त्यांचं पीठ निराळं, पातळ आणि बिनलोण्याचं. किबिनचं पीठ तेलात विरघळून जाईल.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा. आतला रस उकळता असतो, जीभ पोळते. आणि थोडा निवल्यावर तो मटणात परत मुरतो. मग एका टोकाचा छोटा घास घ्यायचा, आतला रस आधी चोखायचा आणि पुढे खायचं. सुरी-काटा घेतला की रस बशीत जातो.

सोबतचं पाणी करायला फार काही लागत नाही. मटण घेताना हाडं मागून घ्या. हाडं, एक कांदा, एक गाजर, दहा-बारा मिरीदाणे आणि दीड लिटर पाणी कुकरमध्ये घालून मंद आचेवर चाळीस मिनिटं ठेवा, गाळा, मीठ घाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत मटणाचं अळणी पाणी काढतातच. तेच, फक्त हळद न घातलेलं. त्राकायचे कराइम काकडीच्या लागवडीसाठीही जुने प्रसिद्ध, तेव्हा बाजूला काकडीच्या मिठातल्या फोडी ठेवल्या तर त्या परक्या वाटणार नाहीत.

यीस्टच्या पिठाचे

काही जण यीस्टच्या मऊ पिठाचेही किबिन करतात, आणि ज्यांना खुसखुशीतपेक्षा पावासारखं आवडतं त्यांनी तेच करावेत. मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, कोमट दूध २२० मिली, मऊ लोणी ८० ग्रॅम, एक अंडं, साखर एक टेबलस्पून, मीठ दीड चहाचा चमचा. हे मात्र मनसोक्त मळायचं, दहा-बारा मिनिटं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत. दुप्पट फुगू द्यायचं. मुंबईच्या हवेत तासाभरात फुगतं, थंडीत दुप्पट वेळ लागतो. पुढचं सगळं तसंच. भरून झाल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा आणि १९० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं भाजा. याच पिठात परतलेलं बेकन आणि कांदा भरून लांबट गोळे वळले की लाशिनेचेइच्या जवळचे पाव होतात.

मटण न खाणाऱ्यांसाठी

त्राकायच्या दुकानांतही आता कोंबडी, मशरूम, पालक-पनीर असली सारणं सर्रास मिळतात, तेव्हा संकोच नको. फक्त कच्चं भरण्याचा नियम इथे उलटतो. मशरूम आणि पालक यांना इतकं पाणी सुटतं की पारी भिजून फाटते. मशरूम बारीक चिरून कांद्याबरोबर लोण्यात पार कोरडे होईपर्यंत परता, मीठ-मिरी घाला, पूर्ण गार करा, मग भरा. पालक उकडून पिळून घ्या आणि कुस्करलेल्या पनीरमध्ये मिसळा. त्यात चमचाभर चक्का घातला तर तिकडच्या आंबूस पनीरची चव येते. कोबीही चांगला लागतो, परतून मऊ केलेला, भरपूर मिरी घालून. या सारणांना १८० अंशांवर तीस मिनिटं पुरतात.

उरलेले

भाजलेले किबिन फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. गरम करायला मायक्रोवेव्ह वापरलात तर पीठ लोळागोळा होतं. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये बारा-पंधरा मिनिटं ठेवा. सोळा एकदम संपणार नसतील तर निम्मे कच्चेच फ्रीझरमध्ये टाकलेले उत्तम, मात्र मटण ताजं आणलेलं हवं, आधी पूर्ण गोठवून वितळवलेलं नको. ट्रेवर सुटे सुटे गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा. भाजताना वितळू द्यायचे नाहीत. फ्रीझरमधून काढून थेट अंडं लावा आणि १८० अंशांवर पन्नास मिनिटं भाजा. एक फोडून मधलं मटण शिजल्याची खात्री झाल्यावरच पानात वाढा.